वासरासारखी पोर

बाई रागावल्या की आधी हेल्मेट काढून हातात घ्यायच्या. मग विचारायच्या, "अक्कल काय गहाण टाकलीय का?" समोर सरपंच असो नाहीतर शेणाची पाटी घेतलेली म्हातारी, प्रश्न तोच.

त्या आमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टर. सोमाटण्याहून स्कूटीवर परंदवडीला यायच्या आणि माझ्या दूध केंद्रावर चहा घेतल्याशिवाय पुढं जायच्या नाहीत. साखर जास्त पडली की मलाही तोच प्रश्न. असं माणूस तुमच्याही गावात असेल. अडलं की बोलवायचं आणि पाठ फिरली की नावं ठेवायची.

एका वर्षी केंद्राशेजारच्या घरात गाय व्याली आणि त्याच दिवशी सुनेला मुलगी झाली. सासूला कोण आनंद! तिनं एकाच रिळाचा काळा दोरा वासराच्या गळ्यात आणि पोरीच्या मनगटात बांधला. "जोडीनं वाढत्याल," म्हणायची. इथवर छान होतं. पण पुढं ती पोरीला वासराशीच जोखायला लागली. वासरू जन्मल्यावर लगेच उभं राहिलं, पोर मान धरीना. वासरू अंगणात उधळतंय, पोर बसंना. दूध घालायला आली की रोज हेच रडगाणं. "आमच्या गाईचं दूध लय कसाचं, सुनंचं निस्तं पाणी. पोरीचं डोस्कं कच्चं राहिलं."

आता मला सांगा, तीन महिन्यांचं पोर कधी बसतं का? मी बोलले, तर म्हणाली, "तुला काय कळतंय?" बोलून बोलून तिनं मुलाचे कान भरले. तोही कंपनीत जाणारा, शिकलेला गडी, पण आईपुढं नंदीबैल! एका सकाळी त्यानं बायको-पोरीला माहेरी सोडायला गाडी बाहेर काढली. "पोरगी सुधारली तर आणू परत," असं म्हणाला. सून पिशवी घेऊन दारात उभी, रडतसुद्धा नव्हती. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. तेवढ्यात बाई वासराला जंताचं औषध पाजायला आल्या.

सासूनं त्यांनाच पंच केलं. "बाई, तुमीच सांगा, पोरीचं डोस्कं कच्चं हाय का न्हाई?"

हेल्मेट निघालं.

"कच्चंच आहे! माणसाच्या बाळाचं कच्चंच असतं! वासराचं डोकं गाईच्या पोटातच बरंचसं तयार होतं, कारण पडल्या पडल्या त्याला आईमागं चालायचं असतं. माणसाचं बाहेर आल्यावर वाढत राहतं, वर्षानुवर्षं. मांजराची पिल्लं तर डोळे मिटून येतात. मग काय मांजरीला माहेरी धाडता?"

"पण बाई, वासरू बगा ना..." मुलगा पुटपुटला.

"वासराला विचार, 'बाबा' कधी म्हणणार! ही म्हणेल की नाही ते बघ. गाईच्या हिशेबानं बाईला घराबाहेर काढतोस? लाज नाही वाटत?"

बोलता बोलता त्यांनी त्याच्या गाडीची किल्ली काढून खिशात टाकली आणि सरळ गोठ्यात जाऊन वासराला औषध पाजलं. निघताना म्हणाल्या, "किल्ली केंद्रावर ठेवते. न्यायची तर पोरीला कडेवर घेऊन ये. एकट्यानं यायचं नाही."

दिवसभर तो घरात धुसफुसत होता. संध्याकाळी आला, पोरीला घेऊन. कसं धरायचं तेही त्याला कळत नव्हतं. मीच तिच्या मानेखाली त्याचा हात सरकवला. माहेरची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

पुढं बाईंची बदली झाली. मुलगी आता शाळेत जाते आणि बोलायला लागली की थांबत नाही. गेल्या महिन्यात बाई वारल्याची बातमी आली. केंद्रावर दूध घालायला आलेल्या बाया हळहळल्या. सासू मात्र म्हणाली, "हाताला गुण व्हता, पर बाई लय कजाग."

मी उसळून उठणार, एवढ्यात मागं उभ्या असलेल्या सुनेनं किटली खाली ठेवली. सासूपुढं तिनं आजवर मान वर केलेली मी पाहिली नव्हती.

"कजाग व्हत्या," ती म्हणाली, "म्हणून मी हितं हाय, आत्याबाई."