दोरोनबेकची चंदेरी गाडी

बिश्केकच्या गाड्यांच्या बाजारात जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी दोरोनबेकला गाठायचा. आम्ही दोघं एकाच गॅरेजात. मी इंजिनं उघडायचो, तो पत्रा ठोकून रंग मारायचा. खिशात कायम एक लोहचुंबक. पत्र्याला ते जिथे धरणार नाही, तिथे खाली पुट्टी भरलेली. वीस वर्षांत त्याने कितीजणांना वेगवान गाड्या निवडून दिल्या असतील, मोजदाद नाही. स्वतः मात्र दार दोरीने बांधलेली मोटार चालवायचा.

त्याच्या बायकोचा, बुरुलायचा, धाकटा भाऊ नूरदीन सहा वर्षं मॉस्कोत बांधकामावर राबून परतला. येताक्षणी म्हणाला, जेझ्दे, म्हणजे दाजी, मला टर्बोवाली गाडी घेऊन द्या, बाकी सुधारणा मी हळूहळू करीन. मेहुण्याने असं हक्काने मागितल्यावर कोणता दाजी नाही म्हणेल? पण दोरोनबेकच्या पोटात तेव्हापासूनच दुखत होतं. घरी सासूबाई मांसाचे चांगले तुकडे नूरदीनच्या पुढे सरकवायच्या, तेही त्याला टोचायचं. गॅरेजात तो मला म्हणायचा, "पोरगं विटा वाहून गाडी घेतंय. मी काय जन्मभर दुसऱ्यांच्याच गाड्या रंगवायच्या?"

बाजारात त्याने सल्ला मात्र चोख दिला. अर्धेच पैसे गाडीला घाल, अर्धे ब्रेक-टायरसाठी हातात ठेव. दुसऱ्या कुणी उचकटलेली घेऊ नकोस. इंजिन पुन्हा बांधता येतं, गंजलेला सांगाडा नाही.

आणि मग तशीच गाडी समोर आली. जपानी, चंदेरी, टप पार मागपर्यंत गेलेली. मालक निवृत्त डॉक्टर. रंग मूळचा, इंजिनाला कुणाचा हात लागलेला नाही. दोरोनबेक तिच्याखाली पाठीवर झोपून बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तो पँट झटकत म्हणाला, "सोड. दोन दारांमधला खांब कापून जोडलेला आहे. अपघाताची आहे."

नूरदीनने दारापाशी वाकून पाहिलं आणि बरं म्हणाला. संध्याकाळी त्याने मागे पंख लावलेली काळी गाडी घेतली.

तिसऱ्या दिवशी दोरोनबेकने वडिलांनी मागे ठेवलेली घोडी विकली आणि डॉक्टरचं घर शोधून चंदेरी गाडी आणली. बुरुलायला सांगितलं, दुसरीच आहे, तशीच दिसते. तिने काही विचारलं नाही. नूरदीन आला, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "छान मिळाली, जेझ्दे."

वर्षभर दोघांनी आपापली गाडी बांधली. वसंतात शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर शर्यत लावली, तेव्हा चंदेरी गाडी तीन गाड्यांच्या अंतराने पुढे गेली आणि काळीतून निळा धूर निघाला. दोरोनबेक त्या दिवशी मोठमोठ्याने बोलत होता. तसं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

नूरदीन मांस भरलेले गरम सामसे घेऊन आला, बॉनेटवर ठेवले आणि हळूच म्हणाला, "तो खांब जोडलेला नव्हता ना?"

दोरोनबेक फडक्याने आरसा पुसू लागला.

"मी बोट फिरवून पाहिलं होतं. तुम्हीच शिकवलंत की."

"मग घेतली का नाहीस?"

"तुम्ही तिच्याखालून बाहेर आलात तेव्हाचा चेहरा पाहिला. आणि बुरुलाय एजे म्हणते, यांनी जन्मात स्वतःसाठी काही मागितलं नाही."

दोरोनबेकने किल्ली पुढे केली. नूरदीनने ती घेतली नाही, सामसा उचलला.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं दोरोनबेक मला नंतर म्हणाला. आधी त्याला मेहुण्याच्या पैशाचा हेवा वाटायचा. आता त्याच्या मनाच्या मोठेपणाचा वाटू लागला, आणि त्यावर बाजारात काही इलाज मिळत नव्हता. उन्हाळाभर तो कामानंतर काळ्या गाडीशी झटला. इंजिन मी उघडलं, पत्रा त्याने काढून पुन्हा बसवला, पंख कापून टाकला, बिनकामाचं वजन उतरवलं. नूरदीनकडून एक सोमही घेतला नाही.

शरदात काळी गाडी चंदेरीला मागे टाकून गेली. निम्मं काम दोरोनबेकच्याच हातचं होतं, लोक त्याचीच पाठ थोपटत होते. तो हसत होता. घरी गेल्यावर मात्र जेवला नाही, असं बुरुलाय म्हणाली.