साहेबांसाठी आवरलेलं शेत

काकू बँकेची पायरी चढल्या त्या पन्नाशी उलटल्यावर. अर्धा एकर रान त्या बारा वर्षं खंडानं कसत होत्या, पण कागदावर नाव मालकाचं. त्यामुळे आजवर कर्जासाठी त्यांना कुणी दारात उभं केलं नव्हतं. यंदा नियम बदलला. जमीन नावावर नसली तरी चालेल, बँकेचे साहेब येऊन शेत बघतील, मग पैसे. कांद्याची रोपं लावणीला आली होती आणि मजुरी, खत, सगळं त्या कर्जावर अडलं होतं.

पाहणी सोमवारी ठरली. रविवारी काकू धाकट्या जावेला म्हणाल्या, "साहेब येणार, शेत कसं नीटनेटकं दिसलं पाहिजे." पाहुणा येणार म्हटल्यावर घर आवरतात, तसं दोघींनी शेत आवरलं. उभी कोथिंबीर उपटून जुड्या बांधल्या, बांध साफ केला, वाफे ओढले. सकाळी जुड्या बाजारात गेल्यासुद्धा.

साहेब म्हणजे भाच्याच्या वयाचा मुलगा. बांधावर उभा राहून त्यानं चारी बाजूंना पाहिलं.

"काकू, पीक कुठंय?"

"काल काढलं की. तुम्ही येणार म्हणून."

"अहो, मी पीकच बघायला आलोय."

"घ्या," जाऊ म्हणाली, "वरात दारात आणि आपण नवरीच माहेरी धाडली."

काकूंनी कोपऱ्यातली रोपं दाखवली. साहेबानं मान हलवली. "ही चादरीएवढी जागा. यावरून अर्धा एकर कसता हे वर कोण मानेल? खोटं मी लिहिणार नाही."

"खोटं लिहा असं मीही म्हणणार नाही, वर देव बघतोय. पण आज 'पीक नाही' असंही लिहू नका. परत कधी येता?"

"शुक्रवारी."

साहेब गेला तशा काकूंनी पदर खोचला. मजूर लावायला पैसे नव्हते, म्हणून दोघीच वाफ्यात बसल्या. एकीनं रोपं उपटायची, दुसरीनं लावायची. तिसऱ्या दिवशी जाऊ कंबर धरून म्हणाली, "बँकेला पीक उभं पाहिजे, पण त्यापायी आपण आडव्या होणार." काकूंनी देवाचं नाव घेतलं आणि पुढची ओळ धरली.

शुक्रवारपर्यंत जेमतेम तिसरा हिस्सा लागला. साहेबानं वाफे मोजले.

"आणि बाकीचं?"

"बाकीच्यासाठीच तर तुमच्याकडे आले होते."

जेवढं दिसलं तेवढं त्यानं लिहिलं, आणि खाली काकू स्वतः शेत कसतात असा शेरा मारून सही केली.

पैसे जमा व्हायला आणखी दहा दिवस गेले. तोवर उरलेली रोपं जून झाली होती. मजूर लावून तीही लावली. पुढे त्या बाजूचा कांदा बारका निघाला आणि व्यापाऱ्यानं तो निम्म्या भावानं घेतला. दोघींनी चार दिवसांत लावलेला मात्र मुठीत मावत नव्हता.