भरल्या ताटावर रडकं तोंड

आमच्या वन्संइतकी रागीट बाई गोदावरीच्या दोन्ही काठांवर झाली नाही आणि व्हायचीही नाही. तुम्ही म्हणाल, नणंदेबद्दल भावजय दुसरं काय लिहिणार! पण तसं नाही हो. वन्संचा राग पारखीचा होता. मखमलाबादच्या गुलाबाच्या मळ्यात वाढलेल्या, गुलाब नाकाशी धरून आजचा की कालचा ते सांगायच्या, आणि कालचा निघाला तर विकणाऱ्याच्या खानदानाचा उद्धार करायच्या. डॉक्टरांनी गोळी दिली की विचारायच्या, "तुम्ही खाल्ली का कधी?" एकदा सिडकोत भर चौकात रिक्षा थांबवून त्यांनी रिक्षावाल्यालाच मागच्या सीटवर बसवलं. "बस की! कळू दे तुला, हाडं कशी खिळखिळी होत्यात ती." तो बिचारा बसला, मागून सगळे हॉर्न वाजवतायत, आणि वन्सं कमरेवर हात ठेवून उभ्या!

महापालिकेनं आमच्या भागात म्हाताऱ्या माणसांसाठी दुपारच्या जेवणाचं केंद्र काढलं आणि चालवायला एका सेवाभावी संस्थेकडे दिलं. आम्ही दोघी जायचो ते जेवायला कमी आणि गप्पांना जास्त. मागच्या गल्लीतल्या माईंचं मात्र तसं नव्हतं. घरात एकट्या, गुडघ्यांमुळे गॅसपाशी उभं राहवत नाही, तोंडात एक दात नाही. दिवसाचं खरं जेवण ते एवढंच. आणि तिथली चपाती कशी, तर जुन्या चपलेचा तळ बरा. माई डाळ पिऊन घ्यायच्या आणि चपाती पदराआड धरून दारातल्या कुत्र्याला घालायच्या.

महिनाअखेरीला संस्थेची मुलगी टॅब घेऊन यायची. त्यावर तीन तोंडं, एक हसरं, एक सपाट, एक रडकं. "आजी, जेवण कसं होतं? बोट ठेवा." आता मला सांगा, समोर भरलं ताट असताना कुठली बाई रडक्या तोंडाला हात लावील? आमच्या घरात जेवताना पोर रडलं तरी आई आधी ताट बाजूला सरकवायची, डोळे पुसायची, मग घास. तेव्हा सगळ्या बायका हसऱ्यावर बोट ठेवायच्या. माईसुद्धा! फक्त वन्सं तेवढ्या रडकं तोंड असं दाबायच्या की मुलगी टॅबची काच बघायची.

एक दिवस संस्थेचे साहेब पाहुणे घेऊन आले. भिंतीवर हसऱ्या तोंडांचे कागद ओळीनं लावलेले, हसऱ्यावर बोट ठेवणारीच्या नावाचा एकेक. "आमचे सगळे लाभार्थी समाधानी आहेत," साहेब म्हणाले. झालं! वन्सं उठल्या.

"साहेब, ते दारातल्या कुत्र्याला विचारा."

"म्हणजे काय, आजी?"

"म्हंजे तेच एकटं समाधानी हाय इथं. कसं गरगरीत झालंय बघा. अन् माई बघा!" असं म्हणून त्यांनी चपातीचा तुकडा साहेबांच्या हातात ठेवला. "खा. दात लावायचे नाय, नुसत्या हिरड्या. माई खाती तसं."

पाहुण्यांसमोर साहेब काय करणार? ओठ मुडपून बसले. गाल हलतायत, चपाती हलत नाही. बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या. वन्सं हसल्या नाहीत. "आता ठेवा बोट. कुठल्या तोंडावर ठेवता?"

साहेबांनी घास रुमालात काढला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "इथे लोक खूश नसतील तर केंद्र दुसरीकडे हलवू. कदर करणारे पुष्कळ आहेत."

हे लिहिताना आजही माझं डोकं तापतं. अहो, सेवा मोजायची तर घास घशाखाली उतरला का ते बघा! भुकेल्या माणसापुढे चित्रं धरायची, वर धमकी द्यायची, आणि त्याला म्हणायचं समाधान?

दुसऱ्या दिवशी माई आमच्या दारात आल्या. वन्संपुढे हात जोडलेले. "ताई, नका हो बोलू. डाळ तरी मिळते मला. केंद्र हललं तर मी कुठं जाऊ?"

  त्या दुपारपासून वन्सं माईंच्या शेजारी बसू लागल्या. चपातीचे बारीक बारीक तुकडे करायच्या, गरम डाळीत भिजवून बोटांनी कुस्करायच्या, आणि कुस्करताना संस्थेला तोंडातल्या तोंडात अशा शिव्या द्यायच्या की माईंना ठसका लागायचा. पुढच्या महिन्यात मुलगी आली. टॅब पुढे झाला. माईंचा घास हातातच थांबला. वन्संनी माईंकडे बघितलं, बोट उचललं आणि हसऱ्यावर ठेवलं.  मुलगी खुशीत म्हणाली, "बघा, आजी, आता आवडायला लागलं ना!"

आता वन्सं नाहीत. चपाती तशीच आहे, माईंची मी कुस्करते. शिव्या मला तितक्या येत नाहीत, माई म्हणतात, "ताईंसारखी चव नाय." भिंतीवर ती हसरी तोंडं अजून आहेत. त्यातलं एक आमच्या वन्संचं. जन्मभरात त्या तेवढंच एक खोटं बोलल्या, आणि नेमकं तेच भिंतीवर लागलं.