आखणीकाकांची चाकांवरची खोली

आखणीकाकांनी आयुष्यात कोणालाही माफ केलं नाही. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही, कौतुकानं सांगतोय. हल्ली जो तो उठतो आणि माफ करून मोकळा होतो. काकांना मोकळं व्हायचंच नसे. पेणजवळच्या आमच्या जोह्याच्या स्टँडवरच्या टपरीवाल्यानं एकदा त्यांना गार चहा दिला आणि वर ऐकवलं, "प्यायचा तर प्या." दुसऱ्या दिवसापासून काका घरून थर्मास घेऊन यायला लागले. त्याच टपरीसमोरच्या बाकावर बसायचे आणि टपरीवाल्याकडे बघत बघत स्वतःचा चहा प्यायचे. असं सहा वर्षं चाललं. शेवटी त्यानं कंटाळून टपरीचं तोंड फिरवून घेतलं, तेव्हा काकांनी बाक उचलून पलीकडे नेला. "मी भांडलो काय? नुसता बघतोय," म्हणायचे.

बघणं हा तसा त्यांचा धंदाच होता. आमच्या जोह्यात घरटी कोणी ना कोणी गणपतीच्या कारखान्यात. कोणी साचा भरतो, कोणी घासतो, बायका पितांबर रंगवतात. पण डोळे रेखायचे म्हणजे आखणी करायची, ती सगळ्यात शेवटी, आणि ती प्रत्येकाला जमत नाही. काकांना जमायची. चाळीस वर्षं एकाच शेठच्या कारखान्यात त्यांनी डोळे काढले. काढताना श्वास रोखून धरायचे. ती सवय इतकी अंगात मुरली होती, की साधं बोलतानाही मध्येच श्वास धरायचे आणि समोरचा घाबरून गप्प व्हायचा. त्यांचा एक नियम होता. मूर्तीचा एक डोळा काढून जेवायला उठायचं नाही. "येका डोळ्यानं देव बघतो आनि आपन भात खातो, बरा दिसतं काय?" असं ते विचारायचे.

दुसरंही एक वाक्य त्यांच्या तोंडात असायचं, "मूर्तीची पाठ कोन बघतो?" नवा कारागीर मूर्तीच्या मागच्या बाजूला जीव ओतायला लागला की काका त्याचा ब्रश काढून घ्यायचे. गणपती मखरात भिंतीला टेकून बसणार, पाठीला एक हात रंग मारला की झालं. चाळीस वर्षांच्या कामातून काढलेला हा निष्कर्ष होता, त्यात चूक काहीच नव्हती. पुढं तोच त्यांना नडला, ते सांगतोच.

माझं घर त्यांच्या घराला लागून. पुढं मी रोह्याला वेल्डिंगचं वर्कशॉप टाकलं आणि फाटकं, जिने, खिडक्यांच्या जाळ्या करायला लागलो. शेठनं कोलाडजवळ नदीकाठी रिसॉर्ट काढलं, तेव्हा त्याचं मोठं फाटक मीच केलं. मी पत्र्याचं सुचवलं होतं. शेठ म्हणाला, "नको, गज लाव, आणि गजांत चांगलं अंतर ठेव. रस्त्यावरून जाणाऱ्याला आपली हिरवळ दिसली पाहिजे." मी तसं केलं. खाली कोपऱ्यात माझ्या वर्कशॉपच्या नावाची बोटभर पट्टी होती, ती त्यानं दुसऱ्याच दिवशी ग्राइंडर मारून उडवली. त्याच रिसॉर्टच्या जेवणाच्या हॉलमध्ये काकांनी महिनाभर राबून भिंतीएवढं चित्र काढलं होतं.

त्या वर्षीचा गणपतीचा सीझन संपल्यावर शेठनं सगळ्या कारागिरांसमोर सांगितलं, "काका, रविवारी काकींना घेऊन रिसॉर्टवर या. एक रात्र राहा, आराम करा." काकी चाळीस वर्षांत माहेर आणि पेणचा बाजार सोडून कुठं गेल्या नव्हत्या. त्यांनी लग्नातलं लुगडं काढलं. दोघं एसटीनं कोलाडला उतरली आणि पिशवी घेऊन फाटकापाशी गेली. आत हिरवळीवर शेठ मुंबईच्या पाहुण्यांबरोबर उभा होता. त्यानं दोघांना पाहिलं, दोन पावलं पुढं आला आणि गजांच्या आतूनच म्हणाला, "अहो काका, आज फुल्ल आहे. खोल्या पाहुण्यांसाठी आहेत ना. मागं शेडमध्ये ड्रायव्हर लोक जेवतायत, तिथं जेवून घ्या आणि सहाची गाडी पकडा."

दोघं जेवली नाहीत. समोर रस्त्यापलीकडे एक मोठा दगड आहे, त्यावर काकी बसून राहिल्या. गजांतून हिरवळ, झोपाळा, खुर्च्या सगळं नीट दिसत होतं. दिसावं म्हणूनच तर मी अंतर ठेवलं होतं. गाडीची वेळ झाली तेव्हा काकी एवढंच म्हणाल्या, "हितंच पथारी टाकली असती मी, त्याच्या नाकासमोर. पन आपल्याला घर उचलून आनता येत नाय ना."

काका पेणच्या गाडीत चढलेच नाहीत. रोह्याची गाडी पकडून दोघं थेट माझ्या वर्कशॉपवर आली. घडलेलं सांगताना काकांनी तीन वेळा श्वास धरला. मग मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशात कोणीतरी गाडीमागं ओढायची छोटी खोली बनवली होती, पुढून गोल आणि मागं निमुळती, पाण्याच्या थेंबासारखी. आत गादी, आणि मागचं झाकण वर उचललं की ओटा.

"दिन्या, ही करायची."

"काका, फिरायला जायचंय का कुठं?"

"फिरायला कशाला? कोलाडला जायचाय."

मी लगेच हो म्हटलं. उडवलेली पट्टी मीही विसरलो नव्हतो.

चौदा महिने काम चाललं. चौकट मी चौकोनी पाइपची केली, भंगारातून एका जुन्या गाडीचा ॲक्सल आणला. लांबीरुंदी ठरवायला काकांनी टेप घेतलाच नाही. काकींना वर्कशॉपच्या फरशीवर झोपायला लावलं आणि खडूनं त्यांच्याभोवती रेघ मारली. "मेल्या मानसाचा माप घेतात तसा काय घेता?" काकी पडल्या पडल्या ओरडल्या. काका म्हणाले, "गप गो, कुशीवर हो. कुशीवरचा पन माप पायजेल." मग स्वतः शेजारी आडवे झाले आणि मला म्हणाले, मार रेघ. ती रेघ मी अजून पुसलेली नाही.

टपाचा गोलावा मी कागदावर मोजून मापून काढला होता. काकांनी तो बघितला आणि बाजूला ठेवला. प्लायवूडवर कोळशानं एका दमात वळण ओढलं. "थेंब कसला? पोट हाय ह्यो. चाळीस वर्सं गनपतीची पोटं बघतोय मी." त्या वळणावर आम्ही फायबरचे दोन अर्धे साचे काढले, मूर्तीचे काढतात तसे, आणि ते असे चपखल बसले की सांध्यात नख जाईना. ओट्याची उंची काकींच्या कोपराला लावून घेतली. काम करताना कोणी विचारलं, काय चाललंय, तर काका सांगायचे, "शेठकडं राहायला जायचाय." माणसं हसायची. काका हसायचे नाहीत.

दारावर त्यांनी वेलबुट्टी काढली, दोन्ही बाजूंना नदी, भातशेती, बगळे काढले. पुढच्या गोलाव्यावर पितांबराला देतात तसा सोनेरी रंग दिला. तसलं देखणं वाहन मुंबई-गोवा हायवेवर दुसरं नसेल, हे मी शपथेवर सांगतो.

नाताळच्या सुट्टीत, रिसॉर्ट भरलेलं असताना, मी सकाळीच टेम्पोमागं खोली जोडून कोलाडला नेली. फाटकासमोर, रस्त्यापलीकडे, त्या दगडाला लागून लावली. ती जागा सरकारी. शेठला आम्हाला तिथून हलवता येणार नाही, हे मी आधीच बघून ठेवलं होतं. पाठ फाटकाकडे केली, मागचं झाकण वर उचललं आणि काकींनी स्टोव्ह पेटवला. काय करावं त्यांनी? सुके बोंबील भाजले. वारा नदीकडे जात होता. दहा मिनिटांत हिरवळीवरची माणसं नाकं वर करून बघायला लागली, आणि अर्ध्या तासात निम्मे पाहुणे फाटकाबाहेर. कोणी आत वाकून बघतोय, कोणी बगळ्यांसमोर उभं राहून फोटो काढतोय, एक बाई तर काकींच्या हातची भाकरी आणि बोंबील घेऊन दगडावर बसून खायला लागल्या. हिरवळ ओस पडली. काका दारात पाय सोडून बसले होते आणि फाटकाकडे बघत होते.

दुपारी शेठ बाहेर आला. तोंडावर हसू, पण कानाच्या पाळ्या लाल. "काका, हे काय हो? आत या ना. एसी खोली उघडून देतो."

काकांनी श्वास धरला. चांगला लांब धरला. मग म्हणाले, "नको शेठ. खोल्या पाव्हन्यांसाठी हायत."

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी खाल्ल्या आहेत, पण त्या वाक्याइतकं गोड काही लागलेलं नाही. काकी उलथनं हातात धरून नुसत्या उभ्या होत्या. शेठ परत फिरला तेव्हा त्याच्या चपलेतून पाय सटकला, तेही आम्ही तिघांनी बघून घेतलं.

तिथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं. तीन दिवस राहून आम्ही निघालो. काकींनी भांडी आवरली, मी झाकण खाली ओढलं, टेम्पो सुरू केला आणि मागून मोठ्यानं हसणं ऐकू आलं. फाटकात शेठ पाहुण्यांना बोट दाखवत होता. "काका, अहो पाठ राहिली की रंगवायची!"

खरंच राहिली होती. झाकण तीन दिवस वर होतं म्हणून दिसलं नव्हतं. पुढं सोनं, बाजूला बगळे आणि मागं नुसती रंगाआधी भरतात ती करडी लांबी, तीही डाग पडलेली. मूर्तीची पाठ कोण बघतो? पण गाडी निघाली की मागच्याला दिसते ती पाठच. चाळीस वर्षं डोळे काढणाऱ्या माणसाला हे सुचलं नाही, आणि त्याच्या शेजारी वाढलेल्या मलाही नाही. शेठचं हसणं कोलाडच्या पुलापर्यंत माझ्या कानात होतं. घरी उतरताना काका म्हणाले, "शेवटचा तो हासला. मंजे झाला नाय काम."

माघात त्यांनी पाठ घासली, पांढरा हात दिला आणि डोळा काढायला घेतला. परातीएवढा एक उजवा डोळा. मी बघायला गेलो आणि दचकलो. काकांच्या हातचे डोळे सगळ्या तालुक्याला माहीत होते, समोर उभं राहिलं की आपलं काहीतरी ऐकून घेतलं जातंय असं वाटायचं. हा डोळा काहीच ऐकून घेत नव्हता.

"काका, हा गणपतीचा वाटत नाही."

"देवाचा नायच तो. माझा हाय."

डावा डोळा लागलीच काढायचा होता, जेवणाआधी. त्याआधीच, ब्रश धुताना, काका अंगणात कोसळले. अर्धांगाचा झटका. उजवा हात गेला, जीभ गेली. पेणच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांची खाट खिडकीशी लावली होती, आणि खिडकीबाहेर ती खोली. दिवसभर ते त्या एका डोळ्याकडे बघत राहायचे. जेवण भरवायला घेतलं की तोंड मिटून घ्यायचे. आम्हाला वाटलं, आजारानं अन्नावरची वासना गेली. काकींना कारण कळलं. त्यांनी खोलीच्या पाठीवर आपलं जुनं लुगडं टाकून डोळा झाकला, तेव्हा कुठं काकांनी दोन घास घेतले. पण डाव्या हाताचं बोट सारखं तिकडंच दाखवायचे. "करते. म्या पुरा करते," काकी म्हणायच्या. चैत्रात काका गेले.

भावकीतली माणसं मला सांगायला आली, की आता माणूसच राहिला नाही, सोडून दे, ती खोली कोणाला तरी विकून टाक. शेठ स्वतः हार घेऊन आला होता. काकींनी हार घेतला, बाजूला ठेवला आणि त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. मला फार बरं वाटलं.

तेराव्यानंतर एका सकाळी काकींनी लुगडं बाजूला केलं. चाळीस वर्षं त्यांनी कारखान्यात पितांबर रंगवले, घरी काकांना रंग घोटून दिले, पण डोळ्याला ब्रश कधी लावला नव्हता. पाठीसमोर स्टुलावर चढून बसल्या, श्वास धरला आणि डावा डोळा काढला. पुरा होईपर्यंत पाणीही प्यायल्या नाहीत. उजव्याशी तो जुळत नाही. किंचित मोठा झालाय, आणि काकांच्या डोळ्यापेक्षा जास्त रागावलेला आहे. मी तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "फाटकापाशी लग्नातला लुगडा माझा होता रे त्या दिवशी."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही खोली पुन्हा त्या दगडापाशी लावली. पाठ फाटकाकडे, झाकण बंद. काकी आत झोपतात, पुढच्या बाजूला चूल मांडतात आणि कोणाशी काही बोलत नाहीत.

पाचव्या दिवशी शेठचा मला फोन आला. बायको हिरवळीवर बसत नाही, पाहुणे खुर्च्या उलट्या फिरवून घेतात, आणि सकाळी फाटक उघडायला गेलं की ते डोळे. त्या फाटकाला आतून पत्रा मारून दे, म्हणाला. लगेच, आजच्या आज.

मी म्हटलं, "शेठ, पत्रा मी तेव्हाच सुचवला होता. तुम्हीच म्हणालात, गजांत चांगलं अंतर ठेव."

"अरे, पण आता ती काकी बघत बसलीये ना माझ्याकडे!"

मी त्याला सांगितलं, की एकट्या काकी नाहीत, काकाही आहेत. उजवा डोळा काकांचा आहे. आणि फोन ठेवला.