तोंड उघडा, मावशी

लोणावळ्याला यायला निघाले त्या सकाळी पप्पांनी माझी बॅग एसटीच्या सीटखाली सरकवली आणि खाली उतरायचं सोडून शेजारीच बसले. कंडक्टर दोनदा त्यांच्याकडे बघून गेला. आई खिडकीखाली उभी राहून डबा आडवा करू नको, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होती. पप्पा आमच्या श्रीरामपूरकडच्या गावातल्या चर्चची देखभाल करायचे. घंटा वाजवायची, बाकं पुसायची, सगळं त्यांच्याकडं. पण उपदेश त्यांनी कधी कुणाला केला नव्हता. त्या दिवशी केला. म्हणाले, "सुवार्ता, मिशन म्हटलं की लोकांना येगळंच वाटतं. विचारल्याबिगर कुणासाठी प्रार्थना करू नको. हातानं काम कर." मग उतरले आणि गाडी हलायच्या आतच पाठ फिरवून चालू लागले.

त्याला सहा वर्षं झाली. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या मुली फोनवर विचारतात, ताई, तिकडे करमतं का? काही जणी आता स्वतःच निघाल्यात, कुणी सुरतेला, कुणी दुबईला. मागं राहिलेल्या आणि निघालेल्या, सगळ्याजणींसाठी हे लिहिते आहे.

खरं सांगायचं तर मला न करमायला वेळच मिळाला नाही, कारण मला प्रश्न फार पडतात. आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात उभं राहिलं की पुढच्या गावाची टाकी दिसते. इथे धुकं उतरलं की समोरचं दुकान दिसत नाही, तरी लोक न अडखळता चालतात. कसं? लोणावळ्याच्या आमच्या छोट्या मिशन दवाखान्यात मी आठवडाभर नर्स असते आणि शनिवारी मावळातल्या गावांमध्ये तपासणी शिबिराला जाते, स्वयंसेवक म्हणून. पहिल्याच शिबिरात एक बाई म्हणाल्या, "लवकर बघा सिस्टर, आज चेक-आउट लय हायेत." मला वाटलं, दवाखान्यातून कुणाला घरी सोडायचंय. त्या तुंगार्लीतल्या पर्यटकांच्या बंगल्यांमध्ये चादरी बदलायला जायच्या. आमच्या गावातल्या बायकांचा दिवस चर्चच्या घंटेवर चालायचा, इथल्या बायकांचा पाहुण्यांच्या येण्याजाण्यावर. बीपी मोजता मोजता मी प्रत्येकीला विचारायचे, काय खाता, सुकट किती, मीठ वरून घेता का, झोप कधी? आमचे डॉक्टर म्हणायचे, सिस्टर, जनगणना नंतर करा, रांग बघा.

कुरवंड्याचं शिबिर देवळाच्या सभामंडपात होतं. मी पायरीशी थबकले. गळ्यात क्रॉस होता. आत जावं की टेबल बाहेर मागवावं, कळेना. एका आबांनी हाक मारली, "चपला हितं काढा अन् या की आत. भायेर गारठा हाय." विषय संपला.

त्या दिवशी आम्ही तोंडं तपासत होतो. बायका बीपीला हात पुढे करायच्या, पण तोंड उघड म्हटलं की पदर ओठावर. कारण मिश्री. तव्यावर तंबाखू जाळायची, कुटायची आणि बोटानं दातांना लावायची. गंगूमावशी नावाच्या पन्नाशीच्या बाई तर उठायलाच निघाल्या. "दात बघायला म्या काय बाजारातली म्हैस हाय व्हय?"

मला हसू आलं आणि खरोखरच एक प्रश्न पडला. बॅटरी बंद करून विचारलं, "मावशी, मिश्री लावली की नेमकं काय होतं हो?"

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. असं कुणी विचारलं नसावं. "डोसकं हलकं हुतं," त्या म्हणाल्या. "भूक मरती. सकाळी लावल्याबिगर पोट साफ व्हत न्हाई. अन् बंगल्यावर धा खोल्या झाडायच्या तर कायतरी जोडीला पायजे का न्हाई?" मग मिश्री कशी जाळायची, धूर कसा छातीत जातो, सासूनं पहिल्यांदा कधी दिली, सगळं सांगितलं. सांगता सांगता पदर खाली आला. "तुजं नाव काय गं?" त्यांनी विचारलं. मी नाव आणि अर्थ दोन्ही सांगितलं. "चांगली बातमी? आसं बी नाव असतं व्हय!" असं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

उजव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. मध्ये लाल, खरबरीत. "हितं तिखट लय झोंबतंय," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी बघितलं आणि पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहून दिली. मी ती मावशींच्या हातात ठेवली. माझं काम झालं, असं मला वाटलं.

महिन्याभरानं हॉस्पिटलमध्ये चौकशी केली तेव्हा कळलं, त्या गेल्याच नव्हत्या. नगरकडच्या दवाखान्यात मी शिकत असताना अशाच चट्ट्याची एक बाई फार उशिरा आली होती. तिला पाण्याचा घोट गिळता येत नव्हता. ती डोळ्यांसमोर येऊ लागली आणि मी कुरवंड्याला मावशींच्या घरी गेले. चिठ्ठी भिंतीवरच्या देवीच्या तसबिरीमागे नीट घडी करून ठेवलेली होती. टाकली नव्हती, पण वापरलीही नव्हती.

मावशींचा मुलगा दत्ता पर्यटकांना गाडीतून पॉइंट दाखवतो. तो दारातच उभा राहिला. "सिस्टर, स्पष्ट विचारतो. आईला तुमच्या धर्मात न्यायचंय का?"

राग यायला हवा होता. पण त्याची भीती मला समजत होती. "नाही," मी म्हणाले. "पुण्याला न्यायचंय."

आतून मावशी खुदकन हसल्या. दत्ता हसला नाही. मी त्याला आत बोलावून आईचा गाल दाखवला, बॅटरी त्याच्याच हातात दिली. तो बराच वेळ बघत राहिला. बॅटरी परत देताना एवढंच म्हणाला, "सोमवारी गाडी काढतो."

"हिला बी घे," मावशी म्हणाल्या. "मला वाचाया येत न्हाई. अन् त्या डाक्टरास्नी इचारणार कोण?"

मी रजा काढली. देहूरोड मागे पडेपर्यंत मावशी एकेक पाटी मला वाचायला लावत होत्या. मग चिठ्ठी हातात घेऊन बसल्या. हॉस्पिटलात तपासणीसाठी गालाचा छोटा तुकडा काढायला आत नेताना त्यांनी माझं मनगट धरलं. "तुज्या देवाला बी सांग की कायतरी."

"सांगू?"

"सांग. आमची देवी हायेच. तुजा बी असू दे."

बाहेरच्या बाकावर बसून मी प्रार्थना केली. शेजारी दत्ता डोळे मिटून बसला होता. तो कुणाला काय सांगत होता, ते मी विचारलं नाही. एवढा एक प्रश्न मी गिळला.

रिपोर्टच्या दिवशी मावशी म्हणाल्या, "तू चांगली बातमी ना? मग सांग." मी कागद दोनदा वाचला. कॅन्सर अजून झाला नव्हता, पण पेशी बदलायला लागल्या होत्या. तेवढा भाग काढला तर बहुधा निभावणार होतं. तसंच सांगितलं, "बहुधा" सकट. ऑपरेशन झालं. आता त्यांचं तोंड पूर्वीइतकं उघडत नाही. मिश्री सुटली, मध्ये दोनदा परत धरली, पुन्हा सुटली. दर तीन महिन्यांनी दत्ता त्यांना पुण्याला नेतो. शिबिरात त्या माझ्या टेबलाशेजारी बसतात आणि बायकांना दटावतात, "उगड गं त्वांड. ती काय खात न्हाई तुला."

एकदा रांग संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुजी आई काय लावती?"

सहा वर्षं मी परक्या बायकांना काय खाता, काय लावता विचारत हिंडले, आणि माझ्या आईचं मला माहीत नव्हतं.

नाताळाला घरी गेले तेव्हा अंगणातल्या उन्हात आईला खुर्चीवर बसवलं. "आता मला तपासणार व्हय तू?" म्हणत ती लाजली. दात मिश्रीनं काळे होते. "कधीपासून?" "तू पोटात होतीस तवापासून. भूकच लई लागायची." ती काय खात होती आणि भूक कशानं मारत होती, हे मी पहिल्यांदा ऐकलं. गाल दोन्ही बाजूंनी स्वच्छ होते. तरी मी बोट फिरवून पुन्हा पुन्हा बघत राहिले. मग ती माझा हात बाजूला सारून म्हणाली, "आता त्या बाईचं सांग." मी सांगितलं. तिनंही प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. हा स्वभाव मी कुठून आणला, तेही त्या दिवशी कळलं.

निघायच्या दिवशी ती म्हणाली, "अजून एक दिस राहिलीस तर काय होतं?"

"नको गं, शनिवारी शिबिर आहे. घरी पोचायला..." शब्द तोंडातून गेला आणि मी थांबले. आईनं तो ऐकला होता. मला वाटायचं, घर एकच असतं, दुसरं म्हटलं की पहिल्याशी बेइमानी होते. तसं नसावं. जिथल्या माणसाचा चट्टा बघून रात्रीची झोप उडते, ते घर झालेलं असतं. आपण नाव द्यायला उशीर करतो, एवढंच.

आई चुलीपाशी उठून गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात शेंगदाण्याच्या चटणीच्या दोन पुड्या होत्या.

"ही तुझी," ती म्हणाली. "अन् यात तिखट घातलं नाय. ही तुझ्या घरच्या त्या मावशीला दे."