डच विम्याचा झपताल

काय सांगू तुम्हाला, आमची अब्रू गेली ती मोजून दहा मात्रांत! आणि तीही तालात.

चांगी बिझनेस पार्कात आमचं ऑफिस. एका डच विमा कंपनीचं सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. डेमो बघायला त्यांचे यानसाहेब स्वतः सिंगापूरला येणार, आणि मी किंवा माझी सहकारी मेइलिंग, दोघांतल्या एकाला वर्षभरासाठी हॉलंडला नेणार. मला जायचंच होतं हो! बायकोने तर थंडीचे कोटसुद्धा बघून ठेवले होते.

अडचण एकच. पहिल्याच स्क्रीनवर एका विम्याचं नाव होतं. आजारपणामुळे काम करता येईनासं झालं तर उपयोगी पडणारा विमा. नाव कसलं, अख्खं लग्नाचं वऱ्हाड! अर्बाइट्सऑनखस्खिक्तहाइट्सफरझेकरिंग. कुठे तोडायचं? जोर कुठे द्यायचा? देवाला ठाऊक!

शेवटी कागदावर तुकडे पाडले. दहा भरले. अहो, लहानपणी पाच वर्षं तबला बडवलाय मी. दहा म्हणजे झपताल! दोन, तीन, दोन, तीन. अर्-बाइट्स, ऑन्-ख-स्खिक्त, हाइट्स-फर्, झे-क-रिंग. समेवर टाळी, तिथेच सगळा जोर. काय चपखल बसलं!

मग बुकित पंजांगहून ऑफिसपर्यंत रोज टाळ्या देत रियाज. एलआरटी ट्रेनमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहायला लागली.

"अरे, एकदा टाळीशिवाय म्हणून बघ ना," बायको म्हणाली.

"टाळीशिवाय सम कळणार कशी?"

डेमोचा दिवस उजाडला. यानसाहेबांसमोर टाळी दिली आणि म्हटलं. एक अक्षर चुकलं नाही! साहेबांच्या भुवया वर गेल्या. मला वाटलं, दाद! आता दाद मिळाल्यावर तबलजी तिहाई घेतल्याशिवाय थांबतो होय? टेबलावर थाप मारत तोच विमा तीनदा म्हटला, आणि समेवर असा आदळलो की साहेबांची कॉफी सांडली.

मला काही कळेना. साहेबांना तर त्याहून कळेना.

"ही तुमच्याकडची प्रार्थना आहे का?" त्यांनी मेइलिंगला हळूच विचारलं.

"नाही, नाही. तो एओव्ही म्हणतोय."

"अच्छा, एओव्ही होय!"

त्या अख्ख्या वऱ्हाडाची फक्त तीन अक्षरं! त्यांच्या ऑफिसात सगळे एवढंच म्हणतात म्हणे.

हॉलंडला अर्थातच मेइलिंग गेली. निघताना यानसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार काळजीने विचारलं, "तुमचा स्वतःचा आहे ना हो, हा विमा?"