वहिनीनं पाणी मागितलं तेव्हा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या घरात ही गोष्ट वेगळीच सांगतात — पोट्टीनं वहिनीला वाचवलं, कॉलेज कामी आलं. मी ऐकते.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, तेव्हाची वटपौर्णिमा. आमच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या इतर बायकांची वडाची पूजा त्यांच्या रीतीप्रमाणे अमावस्येलाच आटोपलेली. पौर्णिमेला वडाजवळ आम्ही मराठी घरंच. पूजा होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही, ही आईची रीत. गुरुजींचा पत्ता नव्हता, आणि ऊन — काय सांगू तुम्हाला?

वहिनीचा लग्नानंतरचा हा पहिलाच उपास. ती घामानं चिंब झालेली, पोटऱ्यांत गोळे, उमासे येत होते. मी हात धरला तर तो गार, चिकट. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. तिथल्या प्रथमोपचाराच्या शिबिरात मी हेच शिकले होते — सावलीत निजवा, पाय उंच करा, अंग ओल्या कापडानं पुसा, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजा. सगळं येत होतं मला.

आई म्हणाली, "पहिला उपास हाय, लागतेच. आमाले नाही लागला का?" बायका हसल्या.

मग वहिनी माझ्या कानाशी आली. "थोडंसं पाणी द्या न ताई. कोणाले सांगू नका."

मला उपास नव्हता; माझ्या पिशवीत भरलेली बाटली होती. मग का नाही दिली? आईला कळलं असतं तर ती म्हणाली असती, कॉलेजात गेली अन् देवधर्म बुडवून राहिली. कॉलेज सुटायची भीती होती. पण — तेवढंच होतं का? थोड्या वेळापूर्वी आई सगळ्यांसमोर मला शहाणी म्हणाली होती. मला ते आवडलं होतं.

मी म्हटलं, "धीर धर न वहिनी. होतेच आता."

गुरुजी आले. फेरे घेता घेताच ती कोसळली.

मग मात्र मी धावले. तिला सावलीत ओढलं, साडी सैल केली, ओला पदर मानेवर ठेवला. कोणीतरी कांदा हुंगवत होतं, तो हात बाजूला केला. डोळे उघडून ती नीट बोलायला लागली, तेव्हा बाटली तिच्या ओठांना लावली. दवाखान्यात सलाईन लागलं.

आईनं मोहल्लाभर माझं कौतुक केलं. वहिनी खाटेवरून ऐकत होती. त्या पाण्याचा विषय ती अजूनही काढत नाही. फक्त, मी माठाजवळ उभी असले तरी पाण्यासाठी ती स्वतः उठते.